राग आणि स्ट्रेस: ख्रिस्ती ध्यान करावं की बौद्ध? केलेल्यांनी सांगा

धुमसतं_मन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण नीट वाचून उत्तर द्या ही विनंती.

मी दिवसभर गप्प असणाऱ्यातली आहे. ऑफिसात कुणी काम गळ्यात टाकलं, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टोचून बोललं तरी मी तोंडातून ब्र काढत नाही, आणि मग घरी आल्यावर मुलाने दप्तर मधेच टाकलं एवढ्यावरून तळपायाची आग मस्तकात जाते. ओरडते, मग वाईट वाटतं. आणि रात्री आडवं झालं की दिवसभरातली सगळी भांडणं, जी झालीच नाहीत ती सुद्धा, डोक्यात सुरू होतात, तो असं म्हणाला तेव्हा मी असं म्हणायला हवं होतं, मग तो तसं म्हणाला असता, मग मी... हे चालूच राहतं, छाती धडधडते, झोप उडते. डॉक्टरांना दाखवलंय, बाकी काही निघालं नाही, स्ट्रेस कमी करा आणि ध्यान करून बघा म्हणाले.

आता ध्यान म्हणजे कुठलं? ऑफिसातली एक मैत्रीण ख्रिस्ती आहे, ती एका प्रार्थना ग्रुपमध्ये जाते, तिथे सगळे शांत बसून एकच शब्द मनात म्हणत राहतात, ती म्हणते ये माझ्यासोबत. आणि घरी आमचे भावजी बरीच वर्षं विपश्यना करतात, ते म्हणतात शब्दबिब्द काही नको, श्वास बघायचा आणि अंगात जे होतंय ते बघायचं, बास. दोघंही स्वभावाने खरंच शांत आहेत म्हणून दोघांवरही माझा विश्वास बसतो!

माझी स्वतःची श्रद्धा म्हणाल तर देव आहे असं वाटतं पण रोजचं काही करत नाही. मला हे विचारायचंय की राग आणि स्ट्रेस या दोनच गोष्टींसाठी या दोघांत नेमका फरक काय पडतो? ऐन राग आला असताना कशाचा उपयोग होतो, आणि रात्री ते डोक्यातलं भांडण चालू होतं त्याला काय करतात? श्रद्धा पक्की नसेल तर ख्रिस्ती प्रार्थना लागू पडते का? दोन्ही एकत्र केलं तर चालतं का?

कृपा करून धर्मावरून वाद नको. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

जपमाळ_५९

ताई, मी कॅथलिक घरातला, त्यामुळे एकाच बाजूचं सांगू शकतो.

ख्रिस्ती ध्यानाचे खूप प्रकार आहेत. तुमच्या मैत्रिणीचा ग्रुप बहुतेक जॉन मेन या बेनेडिक्टाइन (एक कॅथलिक साधुसंघ) फादरांच्या पद्धतीने बसत असणार, त्यांनी १९७५ साली लंडनमध्ये असा पहिला ग्रुप सुरू केला, 'मारानाथा' हा शब्द मनात सावकाश म्हणत राहायचं, सकाळी आणि संध्याकाळी वीस ते तीस मिनिटं. सेंटरिंग प्रेयर म्हणून अजून एक आहे, ती अमेरिकेतल्या ट्रॅपिस्ट नावाच्या कॅथलिक साधुसंघाच्या एका मठात १९७०च्या दशकात थॉमस कीटिंग आणि त्यांच्याबरोबरच्या दोन फादरांनी बसवली, त्यात शब्द सतत म्हणत नाहीत, मन भरकटलंय हे लक्षात आलं की तेवढ्यापुरतं शब्दाकडे परत यायचं. ऑर्थोडॉक्स लोकांची येशू-प्रार्थना आहे, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर", ती श्वासाच्या लयीत म्हणतात, हातात गाठींची दोरी असते. आणि आपली रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायची मेरीची प्रार्थना, ती तर सगळ्यांना माहीतच आहे.

स्ट्रेसला यातलं काहीही चालेल, जे जमेल ते घ्या. रागाचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मला नुसत्या शब्दाच्या जपापेक्षा जुन्या वाळवंटातल्या साधूंचा जास्त उपयोग झाला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती साधू एकेकटे राहायचे, त्यातला एव्हाग्रियस नावाचा एक होता, त्याने मनाला छळणाऱ्या आठ प्रकारच्या विचारांची यादी केली आणि त्यात राग आहे. तुम्ही रात्रीचं जे लिहिलंय ना, झालेलं न झालेलं भांडण डोक्यात चालणं, ते त्याने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं! तो म्हणतो की राग सगळ्यात जास्त प्रार्थनेच्या वेळेलाच मनाला धरतो आणि ज्याने दुखावलं त्याचा चेहरा समोर आणून उभा करतो. त्याचा उपाय असा की आलेल्या विचाराशी वाद घालत बसायचं नाही, त्याला बायबलातल्या एका ओळीने उत्तर द्यायचं आणि तिथेच सोडायचं, त्याने तर कुठल्या विचाराला कुठली ओळ याचं अख्खं पुस्तकच करून ठेवलंय, चारशेच्या वर ओळी आहेत त्यात. मी रागासाठी बायबलातल्या याकोबाच्या पत्रातली एकच धरून ठेवली आहे, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. भांडण डोक्यात सुरू झालं की ती ओळ. परत सुरू झालं की परत तीच. दहा वेळा म्हणावी लागली तरी मी स्वतःचं वाक्य त्यात घालत नाही, कारण स्वतःचं वाक्य घातलं की भांडण पुन्हा पेटतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्याकडे राग देवासमोर बोलून दाखवायची मुभा आहे. बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बघा, १३वं स्तोत्र देवा तू मला कुठवर विसरणार या तक्रारीनेच सुरू होतं, १०९वं तर सरळ शिव्याशापाचं आहे. तुमच्यासारखी माणसं, म्हणजे जी दिवसभर गिळतात, त्यांना नुसतं शांत बसा म्हटलं की ती अजून गिळायला शिकतात असं मी आमच्या ग्रुपमध्ये पाहिलंय. त्यांनी आधी बोलायला हवं. एकटं बसून, मोठ्याने, कुणाचा किती राग आलाय ते त्या माणसाचं नाव घेऊन देवाला सांगायचं आणि मग शांत बसायचं. इफिसकरांस पत्रात आहे ना, रागवा पण पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. म्हणजे राग येणं हेच पाप असं धरलेलं नाही, येशू स्वतः मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर चिडलेला आहे.

रात्रीसाठी सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलाची एक पद्धत आहे, एक्झामेन म्हणतात. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दिवस सुरुवातीपासून आठवायचा, आधी ज्याबद्दल आभार मानावेसे वाटतात ते, मग कुठे मन आवळलं, कुठे सैल झालं, कुठे चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याचं एकच ठरवायचं. तुमच्या डोक्यात दिवस तसाही परत चालणारच आहे, तर तो देवासोबत बसून चालवावा.

श्रद्धेचं विचारलंत. शब्दाचा जप श्रद्धा नसली तरी मन स्थिर करतो. पण बोलून दाखवणं हे समोर कुणीतरी ऐकतंय असं थोडं तरी वाटलं तरच होतं, नाहीतर ते भिंतीशी बोलणं होतं आणि त्याने समाधान मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

श्वासावर_लक्ष

वरच्या दादांनी छान लिहिलंय. मी दुसऱ्या बाजूने लिहिते, आमच्या घरी बुद्धवंदना लहानपणापासून पण ध्यान मी मोठेपणी शिकले, आधी आनापान, म्हणजे श्वास बघायचं ध्यान, मग गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर.

फरक एका ठिकाणी आहे. आमच्यात राग कुणाला सांगायचा नसतो, तो बघायचा असतो. सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) चित्तानुपश्यनेचा, म्हणजे मन बघण्याचा, भाग आहे तिथे स्पष्ट सांगितलंय की चित्तात द्वेष असेल तर 'द्वेष असलेलं चित्त' असं जाणायचं, नसेल तर नाही असं जाणायचं. बास. चांगलं वाईट म्हणायचं नाही, कारण शोधायचं नाही, कुणामुळे आला तेही नाही. आता हे ऐकायला सोपं आहे आणि करायला फार कठीण, कारण राग आला की लक्ष लगेच त्या माणसाकडे पळतं. म्हणून आम्ही ते अंगाकडे आणतो. जबडा आवळलाय का, कान गरम झालेत का, पोटात गोळा आलाय का, श्वास छातीतच अडकलाय का. राग अंगात कुठेतरी असतोच, आणि तिथे नुसतं लक्ष ठेवलं की तो एका जागी टिकत नाही, वाढतो, सरकतो, विरतो, परत येतो. हे स्वतःच्या अंगात पाहिलं की मग 'मी रागीट आहे' हे वाक्य हळूहळू खोटं वाटायला लागतं, माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक याच्यानेच पडला.

तुमच्या रात्रीच्या त्रासावर बुद्धांनी दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचं उदाहरण आहे, पहिला बाण लागतो तो टाळता येत नाही, पण अडाणी माणूस त्यावर हळहळून दुसरा बाण स्वतःच मारून घेतो. बॉस बोलला तो पहिला. रात्री दोन तास जे चालतं ते सगळं दुसरा. आणि वितक्कसंठान सुत्तात नको ते विचार थांबवायचे पाच उपाय ओळीने दिलेत: त्या जागी चांगला विचार आणायचा, नाही जमलं तर या विचाराने माझं काय नुकसान होतंय ते बघायचं, नाही तर त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही, मग त्या विचाराचा वेग हळूहळू कमी करत न्यायचा, आणि काहीच नाही जमलं तर दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून त्याला मोडून काढायचं. बुद्धांनी सुद्धा शेवटचा उपाय म्हणून का होईना दात आवळायला सांगितलंय! हे मी मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं बौद्ध ध्यान म्हणजे काहीच न करता गोड हसत बसणं.

ऐन रागाच्या क्षणाला मात्र खरं सांगायचं तर ध्यान होत नाही, कुणाचंच होत नाही. तेव्हा एकच करायचं, तोंड उघडायच्या आधी तीन-चार श्वास पूर्ण सोडायचे आणि पायाचे तळवे जमिनीला टेकलेत ते जाणवून घ्यायचं. रोज सकाळी शांत असताना सराव केला असेल तरच हे त्या क्षणी आठवतं.

आणि मेत्ता, म्हणजे मैत्री, मनात दुसऱ्याचं भलं चिंतणं. मेत्ता भावना हीच खरं तर द्वेषावरची थेट साधना आहे. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या बौद्ध ग्रंथात क्रम दिलाय, आधी स्वतःसाठी, मग ज्याच्याबद्दल आदर किंवा प्रेम आहे त्याच्यासाठी, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसासाठी, आणि सगळ्यात शेवटी वैऱ्यासाठी. लोक उत्साहाने पहिल्याच दिवशी बॉसला घेतात, आणि मग राग अजून चढतो, मग म्हणतात मेत्ता खोटी आहे. तसं करू नका ताई. आधी बरेच दिवस स्वतःसाठीच करा, मी सुखी होवो, मी वैरमुक्त होवो. तुमच्यासारख्यांना हेच जास्त जड जातं.

जपमाळ दादांनी राग योग्यही असू शकतो म्हटलंय तिथे आमचं जमत नाही. आमच्याकडे द्वेष हा कधीच कुशल, म्हणजे हिताचा, धरत नाहीत, मग त्यामागचं कारण कितीही खरं असलं तरी. अन्यायाविरुद्ध उभं राहायचं, बोलायचं, लढायचं, पण द्वेषाशिवाय. धम्मपदात आहेच की वैराने वैर शमत नाही.

पुरावा_दाखवा

दोघांचंही वाचलं. मला वाटतं दोन्ही पद्धती शरीरावर एकच काम करतात आणि बाकीचा फरक हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा, २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली आणि नंतर 'ओम मणि पद्मे' हा बौद्ध मंत्र, तर दोन्ही वेळेला श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी जी शरीराची आतली यंत्रणा असते तिची संवेदनशीलता वाढली. एक मेरीची प्रार्थना, एक तिबेटी मंत्र, आणि लय जवळजवळ एकच. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी तर १९७५ मध्येच मांडलं होतं की कुठलाही शब्द किंवा श्वास घ्या, तो परत परत, आणि मन भटकलं तर चिडू नका, एवढ्या दोन गोष्टींवर शरीर निवांत होतं.

त्यामुळे ताई, फार विचार करू नका, जवळ जे आहे ते सुरू करा.

जपमाळ_५९

@पुरावा_दाखवा स्ट्रेससाठी मान्य. छाती धडधडणं, झोप, रक्तदाब याला श्वासाची लय पुरते आणि ती रोझरीत पण मिळते, मंत्रात पण मिळते. पण ताईंचा अर्धा प्रश्न रागाचा आहे, आणि राग म्हणजे कुणाबद्दल तरी असतो ना. श्वास सहावर आला तरी तो माणूस उद्या ऑफिसात तिथेच बसलेला असतो. त्याचं काय करायचं हे श्वास सांगत नाही. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचं वाक्य आहे, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे प्रार्थना मधेच सोडून उठायला सांगितलंय! मनःशांतीसाठी आलेल्या माणसाला हे गैरसोयीचं आहे पण रागाचा इलाज तिथेच आहे असं माझं मत आहे.

श्वासावर_लक्ष

दादांच्या या बोलण्याला मी जोड देते. विसुद्धिमग्गात मेत्ताच्या प्रकरणात वैऱ्यावरचा राग जातच नसेल तर एकामागून एक उपाय सांगितलेत, त्याचे चांगले गुण आठव, राग धरून तू स्वतःलाच जाळतोयस हे बघ, कर्माचा विचार कर, असं बरंच, आणि सगळं करूनही जमलं नाही तर शेवटी म्हटलंय की त्या माणसाला स्वतःहून काहीतरी दान दे, आणि त्याने दिलेलं घे. भेटवस्तू! पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून बुद्धघोष हे लिहितात. मी हे केलंय, एका नातेवाईकांबाबत, आणि द्यायला गेल्यावर माझे हात थरथरत होते पण त्यानंतर डोक्यातलं भांडण खूपच कमी झालं.

जपमाळ_५९

एव्हाग्रियसने पण हेच लिहिलंय! मनात धरलेला डूख भेट देऊन विझतो, आणि दाखला जुन्या करारातल्या याकोबाचा दिलाय (पत्रवाला याकोब वेगळा), त्याचा भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन चाल करून येत होता तेव्हा याकोबाने त्याच्यापुढे भेटी पाठवल्या होत्या. आणि पुढे म्हणतो की आपण साधू गरीब आहोत, द्यायला काही नाही, तर जेवायला बोलवा. इजिप्तचं वाळवंट कुठे आणि श्रीलंका कुठे. आज हे वाचून मला फार आनंद झाला ताई.

धुमसतं_मन

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, धन्यवाद. दोन शंका राहिल्या. एक म्हणजे ज्याचा राग आहे त्याच्यासाठी प्रार्थना किंवा मेत्ता करताना मला खूप खोटं खोटं वाटतं, आतून तर वाटत असतं की याचं वाटोळं व्हावं. आणि दुसरं, ऑफिसातला जो माणूस आहे तो खरंच चुकीचं वागतो, माझ्या एकटीशी नाही तर सगळ्यांशी. मी ध्यान करून शांत झाले तर ते म्हणजे मी ते सहन करायला शिकले असं नाही का होणार?

रात्रपाळी_समुपदेशक

तुमची दुसरी शंका फार योग्य आहे म्हणून मी मुद्दाम लिहायला बसलो. मी समुपदेशनाचं काम करतो, दोन्ही परंपरांमधली माणसं येतात.

राग ही माहिती असते. कुठेतरी मर्यादा ओलांडली गेली आहे हे तो सांगत असतो. ध्यानाने धग कमी करायची ती त्यासाठी की ती माहिती नीट वाचता यावी आणि दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने, नेमक्या शब्दात, लागलं तर लेखी, ती जिथे पोचवायची तिथे पोचवता यावी. ज्या घरात किंवा ऑफिसात छळ होतोय तिथे नुसतं क्षमा करा किंवा नुसतं बघत राहा हा सल्ला मी कधीच देत नाही, आणि दोन्ही धर्मांतले चांगले शिक्षकही देत नाहीत. क्षमा केली म्हणून त्या माणसाच्या हाताखाली राहायलाच हवं असं नाही. मेत्ता केली म्हणून तक्रार करायची नाही असंही नाही.

आता खोटं वाटण्याबद्दल. २०११ साली ब्रेमनर, कूले आणि बुशमन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात आधी लोकांना अपमानास्पद शेरे देऊन चिडवलं आणि मग काहींना दुसऱ्या माणसासाठी प्रार्थना करायला सांगितली, काहींना त्याच माणसाचा नुसता विचार करायला. प्रार्थना करणाऱ्यांचा राग जास्त उतरला. भाग घेणारे बहुतेक ख्रिस्तीच होते हे लक्षात ठेवायला हवं. पण यातून माझ्या कामात मी एवढं घेतलं की पाच मिनिटं जरी दुसऱ्याचं भलं मागितलं तरी फरक पडतो, त्याआधी मन शुद्ध असण्याची अट नाही. आणि ज्याने चिडवलं त्याच्यासाठी जमत नसेल तर दुसऱ्याच कुणा दुःखात असलेल्यासाठी मागा, वरच्या ताईंनी मेत्ताचा क्रम सांगितला त्यात हेच आहे.

अजून एक, उशी बदडा, ओरडून मोकळे व्हा, पळून या, असले सल्ले तुम्हाला मिळतीलच. २०२४ मध्ये क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांवर माणसं, तर शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला, उत्तेजना वाढवणाऱ्यांचा एकूण उपयोग दिसला नाही आणि धावण्याने तर राग वाढलेला दिसला. म्हणून जपमाळ दादांच्या देवाला मोठ्याने सांगण्याला मी एक पुरवणी जोडतो, सांगा, पण सांगून झाल्यावर लगेच उठू नका, शांत बसण्याचा भाग गाळू नका, नाहीतर ते नुसतं आग ओकणं होईल.

सावधगिरी पण सांगतो. लांबची मौन शिबिरं, मग ती विपश्यनेची असोत की इग्नेशियसच्या पद्धतीची, ही सुरुवात करायची जागा नाही. जुना आघात असेल, पॅनिक अटॅक येत असतील, झोप पूर्ण गेली असेल तर डोळे मिटून आत बघण्याने काहींचा त्रास वाढतो, बौद्ध साधकांच्या अशा अडचणींवर २०१७ मध्ये लिंडाल आणि ब्रिटन यांचा मोठा अभ्यास आलाय. असं काही असेल तर आधी थेरपिस्ट, मग शिबिर. आणि मुलावर हात उचलला जात असेल, किंवा तसं वाटायला लागलं असेल, तर वाट बघू नका, लगेच कुणाला तरी भेटा.

पुरावा_दाखवा

समुपदेशक साहेबांचं पटलं. भर म्हणून, २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आढावा आला होता, ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना यावर मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला आणि स्ट्रेसवर त्याहून कमी. म्हणजे उपयोग आहे पण जादू नाही, तेवढीच अपेक्षा ठेवून करा.

पहाटेचा_घंटानाद

दोन्ही एकत्र चालतं का याचं उत्तर कुणी दिलंच नाही म्हणून लिहितो.

चालतं, आणि नाही पण. थॉमस मर्टन हे ट्रॅपिस्ट साधू १९६८ मध्ये दलाई लामांना भेटले आणि दोघांत ध्यानावर खूप बोलणं झालं. जॉन मेन यांना मंत्राने ध्यान करायला पहिल्यांदा मलायात एका हिंदू स्वामींनी शिकवलं, ख्रिस्ती परंपरेत तेच जॉन कॅशियन या साधूच्या पाचव्या शतकातल्या लिखाणात आहे हे त्यांना नंतर सापडलं. म्हणजे देवाणघेवाण झालेली आहे. व्हॅटिकनने १९८९ मध्ये यावर पत्र काढलं त्यात दुसऱ्या धर्मांतल्या पद्धती सरसकट टाकून द्या असं म्हटलेलं नाही, पण अंगाला वाटणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचं समाधान असं धरू नका असा इशारा दिलाय. बौद्ध बाजूलाही शांत वाटणं हे शेवटचं ठिकाण नाहीच, ती वाट दुःखाच्या मुळापर्यंत जाते. तर दोघांचं अंतिम जे आहे ते वेगळं आहे, एकीकडे देवाशी नातं, दुसरीकडे तृष्णेचा क्षय, आणि ते एकच आहे असं सांगणारा दोघांपैकी एकाला तरी नीट ऐकत नाही असं मला वाटतं.

पण तुम्हाला सध्या झोप हवी आहे आणि मुलावर ओरडणं थांबवायचंय. त्यासाठी एकाच बैठकीत थोडा शब्द थोडा श्वास थोडी शरीरभर फेरी असं करू नका, मनाला कळतच नाही काय करायचं ते. एक बैठक एकाच पद्धतीची ठेवा. काही महिने धरून ठेवा. तुम्हाला बोलावंसं वाटतं का बघावंसं वाटतं, हे तुमचं तुम्हालाच लवकर कळेल.

धुमसतं_मन

मला बोलावंसं वाटतंय. हे लिहिता लिहिताच कळलं, इतकी वर्षं कुणाला सांगितलंच नाही काही. मैत्रिणीला आज फोन केला, या आठवड्यात तिच्या ग्रुपला जाते. रात्रीसाठी ते दिवस आठवायचं करीन, आणि राग येईल तेव्हा तळवे जमिनीला आणि श्वास सोडणं, एवढं घेते भावजींच्या बाजूचं. आणि ऑफिसातलं प्रकरण तारीखवार लिहून काढायला घेतलंय, ते वर पोचवणार आहे.

एक छोटीशी शंका, डोळे मिटले की मला गरगरतं आणि लगेच तो माणूसच दिसतो. डोळे उघडे ठेवून चालतं का?

श्वासावर_लक्ष

चालतं ताई. झेनवाले अर्धवट उघडेच ठेवतात, नजर खाली, समोर थोड्या अंतरावर जमिनीवर.

जपमाळ_५९

आमच्याकडे पण चालतं. ऑर्थोडॉक्स लोक प्रतिमेसमोर डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतात. ग्रुपमध्ये बहुतेक जण मिटून बसतील, तुम्ही आधी सांगून ठेवा आणि कडेची खुर्ची घ्या, म्हणजे मधेच उठावंसं वाटलं तर उठता येईल.